टाइपस्क्रिप्टचं टार्गेट वाढवलं की क्लासमधल्या व्हॅल्यू ‘अनडिफाइन्ड’ का होतात: तपासणी आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: “कोडला हात लावला नाही, तरी व्हॅल्यू गायब.” आणि ती खरी असते. पॅकेजेस नवी केलेली असतात, किंवा नव्या टेम्प्लेटमधली टीएसकॉन्फिग, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल, जशीच्या तशी उचललेली असते. त्या फाइलमध्ये टार्गेट (टाइपस्क्रिप्टपासून जावास्क्रिप्टची कोणती आवृत्ती बनवायची ते सांगणारं सेटिंग) ईएस२०१७ किंवा ईएस२०२० होतं, तिथं आता ईएस२०२२ किंवा ईएसनेक्स्ट आलेलं असतं. बिल्ड होतो, कन्सोलमध्ये लाल ओळ नसते, ॲप उघडतं. फक्त काही क्लासेसच्या ऑब्जेक्टमध्ये जिथं आकडा किंवा नाव असायला हवं तिथं अनडिफाइन्ड, म्हणजे ‘व्हॅल्यूच दिलेली नाही’, असतं. त्यावर गणित झालं की स्क्रीनवर ‘नॅन’ (हा आकडाच नाही) येतं.

ही अडचण मी वेगवेगळ्या टीमकडे पुन्हा पुन्हा पाहतो. दर वेळी शोध सर्व्हरपासून सुरू होतो आणि त्यात बराच वेळ जातो. म्हणून ओळखायचं कसं, घडतं का, आणि कोणता उपाय कुठं चालतो, हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

एक घडलेलं उदाहरण

नागपुरात प्रतापनगरच्या एका छोट्या टीमनं कळमना मार्केटमधल्या एका अडत्यासाठी आवक-नोंदीचं वेब ॲप केलं आहे. संत्र्याची गाडी आली की गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन आणि लिलावात निघालेला भाव भरायचा. हमाली-तोलाईचा हिशोब लागून पट्टी निघते. आंबिया बहाराची गर्दी सुरू व्हायच्या तोंडावर टीमनं बिल्डची साधनं नवी केली. दुसऱ्या दिवशी मुनीमजींचा फोन: “दादा, गाडी सेव्ह तर होऊन राहिली, पण पट्टीवर वजनच नाही येऊन राहिलं. जुन्या पट्ट्या बरोबर आहेत.”

‘जुन्या बरोबर, नव्या चुकीच्या’ हे ऐकल्यावर कोणीही डेटाबेसकडे धावेल. टीमही धावली. सर्व्हरवर येणारी विनंती पाहिली, तर तिच्यात वजन हा शब्दच नव्हता. शून्य नाही, रिकामं नाही, ती की (व्हॅल्यूच्या आधी येणारं नाव) मुळातच नव्हती. फॉर्ममध्ये मात्र मापाड्यानं सांगितलेलं वजन नीट भरलेलं दिसत होतं. म्हणजे फॉर्म आणि सर्व्हर यांच्या मधे, ब्राउझरमध्येच ते हरवत होतं.

मधे होता एवढाच कोड. ओळी देवनागरीत मांडल्या आहेत, रचना टाइपस्क्रिप्टचीच आहे:

क्लास नोंद {
  कन्स्ट्रक्टर(डेटा: एनी) {
    ऑब्जेक्ट.असाइन(धिस, डेटा);
  }
}

क्लास आवकनोंद एक्स्टेंड्स नोंद {
  गाडी!: स्ट्रिंग;
  वजन!: नंबर;
  भाव!: नंबर;
}

मूळ क्लास आलेली माहिती स्वतःवर उतरवून घेतो. त्यावरून काढलेल्या क्लासमध्ये फक्त कोणकोणती फील्ड्स आहेत आणि त्यांचा टाइप काय, एवढंच सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये मॉडेल क्लास असेच लिहिलेले असतात. वर्षानुवर्षं ते चाललेही, कारण जुन्या टार्गेटवर त्या खालच्या तीन ओळींचं जावास्क्रिप्टमध्ये काहीच उरत नसे. टाइप तपासून झाला की ओळ पुसली जायची.

टार्गेट ईएस२०२२ केल्यावर त्या ओळी उरतात. टाइप आणि उद्गारचिन्ह निघून जातं, पण ‘वजन;’ अशी नुसती ओळ क्लासच्या पोटात राहते. आणि जावास्क्रिप्टच्या नियमानं त्या नुसत्या ओळीचा अर्थ आहे: या ऑब्जेक्टवर वजन नावाचं फील्ड तयार कर आणि त्यात अनडिफाइन्ड ठेव.

आता क्रम पाहा, सगळी गंमत क्रमातच आहे. काढलेल्या क्लासचं ऑब्जेक्ट बनताना आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण चालतो. तिथं ऑब्जेक्ट.असाइननं वजन बसवलेलं असतं. तो संपून सुपर (मूळ कन्स्ट्रक्टरला मारलेली हाक) परत आला की लगेच काढलेल्या क्लासची फील्ड्स तयार होतात, आणि त्यानंतर त्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधलं उरलेलं काम होतं. मापाड्यानं पाटीवर वजन लिहावं आणि मागून आलेल्यानं पाटी पुसून त्यावर रिकामा रकाना आखावा, तसं होतं.

विनंतीत ‘वजन’ का नव्हतं, तेही यातूनच कळतं (गाडी आणि भाव यांचंही तेच झालं). ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारा जेसन.स्ट्रिंगिफाय ज्या कीची व्हॅल्यू अनडिफाइन्ड असते ती की सरळ गाळतो. सर्व्हरला वाटतं, वजन पाठवलंच नाही. कॉलममध्ये नल जातं. आणि जुन्या पट्ट्या बरोबर दिसत होत्या, कारण यादीचं पान सर्व्हरच्या साध्या ऑब्जेक्टवरूनच दाखवलं जात होतं, ते या क्लासमधून जातच नव्हतं. दोन वाटा वेगळ्या असल्या की लक्षण असं फसवं दिसतं.

हेच कारण आहे का, ते कसं पक्कं करायचं

कन्सोलमध्ये ऑब्जेक्ट छापून पाहणं ही पहिली सवय असते, आणि इथं तीच घोळात टाकते. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कन्सोल.लॉग टाकलं, तर क्रोम आधी जी एक ओळीची झलक दाखवतो त्यात वजन दिसतं. बाणावर टिचकी मारून ऑब्जेक्ट उघडला की आत अनडिफाइन्ड. याचं कारण उघडलेला भाग टिचकी मारण्याच्या क्षणीचा असतो, लॉग झाला त्या क्षणीचा नाही. शेजारच्या छोट्या ‘आय’ चिन्हावर माउस नेला की क्रोम तसं सांगतोही. म्हणून इथं ऑब्जेक्ट छापू नका, जेसन.स्ट्रिंगिफाय करून मजकूर छापा. एकदा मूळ कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या ओळीत आणि एकदा ऑब्जेक्ट तयार झाल्यावर बाहेर. पहिल्यात वजन आहे आणि दुसऱ्यात नाही, तर चोर सुपर संपल्यानंतरच्या टप्प्यातच आहे.

दुसरी तपासणी त्याहून लहान. तयार ऑब्जेक्टवर ‘वजन’ ही की आहे का, ते ‘इन’ ऑपरेटरनं विचारा. उत्तर ट्रू आणि व्हॅल्यू अनडिफाइन्ड, तर कोणीतरी ती की मुद्दाम तयार केली आहे. माहिती नुसती आलीच नसती, तर कीच नसती.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात भरवशाची वाटते: तयार झालेलं जावास्क्रिप्ट डोळ्यांनी वाचा. अंतिम बंडल आकसलेलं असतं, ते वाचत बसू नका. डेव्ह सर्व्हर चालू ठेवून नेटवर्क टॅबमध्ये ती एक फाइल उघडा, किंवा टीएससीला (टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला) वेगळा आउटपुट फोल्डर देऊन प्रोजेक्ट एकदा काढा. क्लासच्या पोटात ‘वजन;’ अशी नागडी ओळ दिसली की बाकी काही शोधायची गरज नाही.

हा बदल कुठून आला

टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये क्लासच नव्हता. तो आला ईएस२०१५ मध्ये, आणि क्लासच्या पोटात थेट फील्ड लिहिण्याची सोय त्याहून पुढे, ईएस२०२२ मध्ये. तोवरच्या सगळ्या काळात क्लास फील्ड हा टाइपस्क्रिप्टनं मूळ भाषेत घातलेला आपला विस्तार होता, आणि त्याचा अर्थही टाइपस्क्रिप्टनं आपणच ठरवलेला होता. फील्डला सुरुवातीची व्हॅल्यू असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये साधी नेमणूक करायची; नसेल तर काहीच करायचं नाही.

जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणाऱ्या टीसी३९ समितीनं मात्र दुसरा अर्थ पक्का केला. फील्ड नेमायचं नाही, ते ऑब्जेक्टवर नव्यानं डिफाइन करायचं, व्हॅल्यू दिली नसेल तरीही. फरक दोन ठिकाणी बोचतो. एक आपण वर पाहिला. दुसरा असा की, मूळ क्लासमध्ये त्या नावाचा सेटर (व्हॅल्यू नेमली की चालणारं फंक्शन) असेल, तर नेमणूक त्या सेटरला हाक मारते. डिफाइन त्याला ओलांडून थेट ऑब्जेक्टवर नवं फील्ड बसवतं आणि सेटर कायमचा झाकला जातो.

टाइपस्क्रिप्ट टीमनं ३.७ आवृत्तीत, २०१९ मध्ये, यासाठी सेटिंग दिलं: यूज-डिफाइन-फॉर-क्लास-फील्ड्स. फाइलमध्ये हे नाव सलग, जोडून लिहितात. टार्गेट ईएस२०२२ किंवा त्यापुढचं असेल तर हे सेटिंग आपोआप ट्रू होतं, त्याखाली असेल तर फॉल्स. म्हणजे टार्गेटची एक ओळ बदलली की न लिहिलेलं दुसरं सेटिंगही पालटतं. टीमला वाटतं आपण फक्त ‘कोणत्या ब्राउझरसाठी’ एवढंच बदललं. प्रत्यक्षात क्लासचा अर्थ बदललेला असतो.

उपाय: डिक्लेअर

त्याच ३.७ मध्ये याचं औषधही आलं. जे फील्ड फक्त टाइप सांगण्यासाठी लिहिलं आहे, ज्याची व्हॅल्यू दुसरीकडून येणार आहे, त्याच्या आधी ‘डिक्लेअर’ लिहायचं:

क्लास आवकनोंद एक्स्टेंड्स नोंद {
  डिक्लेअर गाडी: स्ट्रिंग;
  डिक्लेअर वजन: नंबर;
  डिक्लेअर भाव: नंबर;
}

उद्गारचिन्ह काढून टाका, त्याची गरज नाही. डिक्लेअर केलेली ओळ कोणत्याही टार्गेटवर पूर्णपणे पुसली जाते. अडत्याच्या ॲपमध्ये एवढंच केलं आणि वजन पट्टीवर परत आलं.

उद्गारचिन्हाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण गैरसमज तिथंच आहे. स्ट्रिक्ट मोडमध्ये टाइपस्क्रिप्ट विचारते, हे फील्ड भरलं कुठं? त्यावर आपण उद्गारचिन्ह लावून सांगतो, भरलं आहे, काळजी करू नको. ते चिन्ह फक्त टाइप तपासणाऱ्याला गप्प करतं. फील्ड तयार होणं ते थांबवत नाही. ‘तपासू नको’ आणि ‘फील्ड बनवू नको’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त डिक्लेअर सांगतो.

एक चुकीचा उपाय मात्र मी फार ठिकाणी पाहतो, तो करू नका. अनडिफाइन्ड येतं ना, मग ‘वजन = ०’ अशी सुरुवातीची व्हॅल्यू देऊन टाकू. स्क्रीन शांत होते, नॅन जातं. पण सुपर संपल्यावर हीच ओळ चालते आणि आलेल्या खऱ्या वजनावर शून्य लिहिते, जुन्या टार्गेटवर आणि नव्यावरही. आधी निदान की गळून जायची आणि सर्व्हरवर नल दिसायचा; आता शून्य दिमाखात विनंतीतून जातं आणि दुरुस्तीसाठी उघडलेल्या जुन्या नोंदीचं बरोबर वजनही पुसून टाकतं. शेतकऱ्याच्या पट्टीवर शून्य क्विंटल छापणं हे न छापण्यापेक्षा वाईट आहे.

मला स्वतःला मॉडेल क्लाससाठी त्याहून स्वच्छ वाटणारी रचना वेगळी आहे. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरनं, खालच्या क्लासमध्ये काय फील्ड्स आहेत हे माहीत नसताना, त्यात माहिती भरूच नये. एक स्टॅटिक मेथड ठेवा. ती आधी रिकामं ऑब्जेक्ट पूर्ण तयार करेल, मग त्यावर माहिती उतरवेल, मग परत देईल. ऑब्जेक्ट पूर्ण बनल्यानंतर भरल्यामुळे फील्डचा अर्थ कोणताही असो, सुरुवातीची व्हॅल्यू असो वा नसो, आलेली माहिती टिकते. नवा कोड असेल तर हेच करा. जुना मोठा कोड असेल, तर आधी डिक्लेअर, मग सवडीनं हे.

मूळ कन्स्ट्रक्टर स्वतः न भरता धिस.इनिट अशी मेथड बोलावतो आणि खालचा क्लास ती मेथड आपली लिहितो, हा प्रकारही तितकाच सर्रास दिसतो. आजार तोच, औषध तेच. टाइपस्क्रिप्ट यातलं काहीच पकडत नाही, कारण तिच्या नजरेत टाइप सगळे जुळतात.

जे ती पकडते

मूळ क्लासमध्येच फील्ड जाहीर असेल आणि खालच्या क्लासनं तेच नाव अधिक नेमक्या टाइपसह पुन्हा लिहिलं असेल, तर नव्या अर्थाखाली टीएस२६१२ ही एरर येते: हे फील्ड मूळ फील्डवर लिहिलं जाईल, तसंच हवं असेल तर व्हॅल्यू द्या, नाहीतर डिक्लेअर लावा. मूळ क्लासमध्ये गेटर-सेटर आणि खाली त्याच नावाचं फील्ड असेल तर टीएस२६१०; ही टाइपस्क्रिप्ट ४.० पासून सेटिंग काहीही असलं तरी येते. आणि कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रायव्हेट लिहून फील्ड बनवायची जी टाइपस्क्रिप्टची सोय आहे, ती वापरून वर दुसऱ्या फील्डच्या व्हॅल्यूमध्ये तेच फील्ड वाचलं असेल, तर टार्गेट वाढवल्यावर टीएस२७२९: भरण्याआधी वापरलं. तिथंही कारण क्रमाचंच आहे. ईएस२०२२ मध्ये फील्ड्स आधी तयार होतात, कंसातल्या नावांची नेमणूक मागून होते.

या एरर दिसल्या तर आनंद माना. दिसत नाहीत, हीच अडचण आहे. व्हीट आणि ईएसबिल्डसारखी बिल्डची साधनं एकेक फाइल घेऊन टाइप काढून टाकतात. टाइप तपासत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. एडिटरमध्ये ती फाइल उघडली नसेल तर लाल रेघही कोणाला दिसत नाही. शिवाय ही साधनं टीएसकॉन्फिगमधलं टार्गेट आपल्या आउटपुटसाठी वापरत नाहीत, त्यासाठी त्यांचं स्वतःचं सेटिंग असतं. पण फील्डचा अर्थ ठरवायला मात्र टीएसकॉन्फिगकडेच बघतात. त्यामुळे ‘व्हीट ते टार्गेट वाचतच नाही, बदललं तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

म्हणून बिल्डच्या आधी टीएससी नोएमिट पर्यायासह (फाइल न काढता फक्त तपासणी) चालवणं पॅकेज फाइलच्या स्क्रिप्टमध्येच बसवा. बिल्ड आणि तपासणी एकाच कमांडमध्ये असली की वगळायची सोय राहत नाही.

सेटिंग फॉल्स करून टाकलं तर?

यूज-डिफाइन-फॉर-क्लास-फील्ड्स फॉल्स लिहिलं की जुनं वागणं परत येतं, ईएस२०२२ टार्गेटवरही. गर्दीच्या दिवसात पट्ट्या थांबल्या असतील तर हे जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी ते कायमचंही योग्य आहे. अँग्युलर या फ्रेमवर्कनं १५ व्या आवृत्तीत टार्गेट ईएस२०२२ केलं तेव्हा त्याच्या सीएलआयनं (कमांडवर चालणाऱ्या साधनानं) हे सेटिंग स्वतःच फॉल्स ठेवलं, कारण कन्स्ट्रक्टरच्या कंसात सर्व्हिस घेऊन वरच्या फील्डमध्ये ती वापरण्याची पद्धत तिथं सर्रास आहे. लिट या लायब्ररीत जुने, प्रायोगिक डेकोरेटर (फील्डच्या आधी @ लावून लिहायची खूण) वापरत असाल तर लिटची कागदपत्रंच फॉल्स ठेवायला सांगतात: प्रॉपर्टी बदलली की पुन्हा रेंडर करणारा सेटर प्रोटोटाइपवर असतो, आणि डिफाइन केलेलं फील्ड त्याला झाकून टाकतं. तिथलं लक्षणही वेगळं दिसतं. व्हॅल्यू बरोबर असते, पण स्क्रीन हलत नाही. मॉबएक्स ६ या लायब्ररीचं उलट आहे, त्याची कागदपत्रं हेच सेटिंग ट्रू मागतात. म्हणून दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधली टीएसकॉन्फिग उचलताना लायब्ररी कोणती, ते आधी बघा.

यापैकी काही नसेल, साधे मॉडेल क्लास असतील, तर मी फॉल्सवर कायम टेकून राहणार नाही. कारण हे सेटिंग पाळायचं की नाही हे साधनावर अवलंबून आहे, आणि काही नवी साधनं ते पाळत नाहीत. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड स्वतः टाइपस्क्रिप्टच्या फाइल चालवू लागला आहे, २२.६ मध्ये ते प्रायोगिक फ्लॅगखाली आलं, २३.६ पासून फ्लॅग न देताही चालतं. तो टाइपच्या जागी फक्त मोकळी जागा सोडतो आणि टीएसकॉन्फिग वाचत नाही. तिथं ‘वजन!: नंबर’ चं ‘वजन’ उरणारच, तुमचं फॉल्स त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. डिक्लेअर मात्र तिथंही पुसलं जातं. इनम, कंसातली प्रायव्हेट फील्ड्स, कोड असलेले नेमस्पेस यांसारखे विस्तार नुसते पुसता येत नाहीत, म्हणून नोड ते पाहून सरळ थांबतो. टाइपस्क्रिप्ट ५.८ मधलं इरेझेबल-सिंटॅक्स-ओन्ली हे सेटिंग असे विस्तार लिहितानाच अडवतं. फ्रंटएंड आणि सर्व्हर यांच्यात मॉडेल क्लास सामायिक असतील तर ते लावून ठेवण्यासारखं आहे. बॅबेल या कोडचं रूपांतर करणाऱ्या साधनावर असाल तर तिथं अलाव-डिक्लेअर-फील्ड्स हा पर्याय चालू करा, नाहीतर बॅबेल ७ चं वागणं पुन्हा तिसरंच असतं: टाइप असलेली, व्हॅल्यू नसलेली फील्ड्स तो काढून टाकतो.

पुन्हा का येतं

एकदा निस्तरलेली टीम काही महिन्यांनी पुन्हा याच जागी येते, तेव्हा बहुधा चाचण्या आणि बिल्ड यांची वाट वेगळी असते. चाचण्यांसाठी वेगळी कॉन्फिग, तिच्यात जुनं टार्गेट. तिथं सगळं हिरवं. ब्राउझरमध्ये नवं टार्गेट. तिथं वजन गायब. ज्या साधनानं बिल्ड होतो त्याच साधनातून चाचण्या चालवा. आणि प्रत्येक मॉडेल क्लाससाठी एक छोटी चाचणी ठेवा: भरलेली माहिती द्या, ऑब्जेक्ट बनवा, पुन्हा जेसन करा, आत गेलेल्या सगळ्या की बाहेर आल्या का पाहा. लिहायला क्षुल्लक वाटते, पण या रोगाला तीच नेमकी पकडते, कारण टाइप तपासणी जिथं आंधळी आहे तिथंच ती बघते.

दुसरं कारण एक्स्टेंड्स. टीएसकॉन्फिग दुसऱ्या टीएसकॉन्फिगवर बेतलेली असते, ती एखाद्या पॅकेजमधून आलेली असते, आणि टार्गेट तिथं खोल कुठंतरी बसलेलं असतं. टीएससीला शोकॉन्फिग पर्याय दिला की सगळं एकत्र होऊन काय ठरलं ते छापून मिळतं. त्यानंतर टार्गेट आणि फील्डचं सेटिंग या दोन्ही ओळी आपल्याच फाइलमध्ये स्पष्ट लिहा, आपोआप येणारी व्हॅल्यू तीच असली तरीही. उद्या कोणी टार्गेट बदललं, तर निदान दुसरी ओळ डोळ्यासमोर असेल.

अजून टार्गेट वाढवलं नसेल, तर तुमच्याकडे चांगला मार्ग आहे. जुनं टार्गेट तसंच ठेवून आधी फक्त फील्डचं सेटिंग ट्रू करा. २६१२ च्या एरर तिथंच दिसतील, वर सांगितलेल्या चाचण्या तिथंच पडतील. ते सगळं डिक्लेअरनं निस्तरलं की मग टार्गेट वाढवा. एका वेळी एकच बदल केल्यानं काय कशामुळे मोडलं हे शोधावं लागत नाही.

टार्गेट वाढवल्यावर मोडणारी आणखी एक गोष्ट या अडचणीत मिसळली जाते, ती वेगळी काढून ठेवतो. टार्गेटसोबत लिबची (कोणत्या तयार मेथड आहेत असं धरायचं त्याची) आपोआप ठरणारी यादीही वाढते, आणि टाइपस्क्रिप्ट ॲरेवर ‘ॲट’ सारख्या मेथड वापरू देते. पण ती मेथड जुन्या ब्राउझरला पुरवणं हे टाइपस्क्रिप्ट करत नाही. ती लिखाणाचं रूप बदलते, नसलेली फंक्शन्स आणून देत नाही. क्लास फील्ड क्रोम ७२ पासून आहेत, ॲट ही मेथड ९२ पासून. मार्केटच्या शेडमध्ये एखादा जुना फोन क्रोम ८१ वर अडकलेला असेल, तर त्यावर फील्ड चालतील आणि ॲट पडेल. फरक ओळखायला सोपा आहे: ॲट पडतं तेव्हा कन्सोलमध्ये ‘हे फंक्शन नाही’ अशी लाल ओळ येते, आपला आजार मात्र निमूट असतो. तिथं उपाय कोअर-जेएससारखं पॉलिफिल (नसलेली फंक्शन्स पुरवणारा कोड), किंवा लिब मुद्दाम खालचं लिहिणं. डिक्लेअरचा तिथं संबंध नाही.

कोड सुधारला, नोंदींचं काय

हे काम शेवटी राहतं आणि बरेचदा राहूनच जातं. बिघडलेल्या बिल्डच्या काळात सेव्ह झालेल्या नोंदी कोड सुधारल्यानं भरून येत नाहीत. नवा बिल्ड कधी चढवला आणि सुधारलेला कधी, या दोन वेळा डिप्लॉयच्या लॉगमधून काढा आणि त्या दरम्यान तयार झालेल्या किंवा बदललेल्या सगळ्या नोंदी वेगळ्या करा. फक्त वजनावर थांबू नका. त्या क्लासमधल्या प्रत्येक फील्डचा कॉलम तपासा, आणि त्या मूळ क्लासवरून काढलेल्या बाकी क्लासेसची टेबलंही. सेव्ह करताना सर्व्हर फक्त आलेल्या कीच बदलत असेल, तर दुरुस्तीसाठी उघडलेल्या जुन्या नोंदी शाबूत असतील आणि नव्याच रिकाम्या असतील. सर्व्हर पूर्ण नोंद बदलत असेल, तर जुन्याही गेल्या असतील आणि त्या बॅकअपमधून आणाव्या लागतील.

मधल्या काळात कोणी ‘= ०’ चा उपाय चढवला असेल तर शून्य असलेल्या नोंदीही त्याच यादीत घ्या. आवकनोंदीत शून्य वजन खरं असूच शकत नाही, म्हणून इथं ते सहज सापडतं. उचल किंवा सूट यांसारख्या कॉलममध्ये शून्य खरंही असू शकतं, तिथं प्रत्येक ओळ कागदाशी ताडून बघावी लागते. कळमन्याच्या त्या अडत्याकडे मापाड्याच्या हातच्या तोलचिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या. मुनीमजींनी गाडी नंबर वाचायचा, टीममधल्या एकानं वजन भरायचं, दुसऱ्यानं पट्टीची बेरीज पुन्हा काढायची, आणि ज्यांची पट्टी चुकीची गेली होती त्या शेतकऱ्यांना त्याच दिवशी फोन करून नवी पट्टी द्यायची, असं ते पुरं केलं.